४९९ टनांचा इंजिनिअर

यॉटच्या जाहिरातीत सगळ्यात ठळक छापलेला आकडा लांबीचा असतो. ४२ मीटर, ५५ मीटर, ८० मीटर. मालकही मित्रांना तोच सांगतो. त्या यॉटच्या पोटात काम करायला निघालेल्या माणसाने विचारायचे प्रश्न वेगळे. ग्रॉस टनेज किती? मुख्य इंजिनं मिळून किलोवॅट किती? आपल्या खिशातलं प्रमाणपत्र या बोटीवर चालेल की नाही, हे या दोन आकड्यांवर ठरतं.

ग्रॉस टनेज म्हणजे वजन नव्हे. बोटीतल्या सगळ्या बंदिस्त जागेचं घनफळ काढायचं आणि १९६९च्या आंतरराष्ट्रीय करारातल्या सूत्रात घालायचं, की हा आकडा मिळतो. तो ५००ला पोचला की भाड्याने फिरणाऱ्या यॉटच्या मागे नियमांचा नवा गठ्ठा लागतो: सुरक्षिततेच्या व्यवस्थेची लेखी पद्धत, तिच्या तपासण्या, अधिक कडक अग्निशमन, अधिक शिकलेले अधिकारी. त्यामुळे डिझायनर आणि मालक असा हिशेब बसवतात की ४९९वर थांबता यावं. सलूनची भिंत जरा आत ओढली जाते, वरच्या डेकवरची खोली खोली न राहता नुसता मांडव होते. भूमध्य समुद्रातल्या कुठल्याही मोठ्या मरीनात यॉटची कागदपत्रं चाळली, तर ४९९ हा आकडा पुन्हा पुन्हा भेटतो.

या आकड्याच्या आतच बहुतेक यॉट इंजिनिअर घडतात. मोठ्या मालवाहू जहाजावर चीफ, सेकंड, थर्ड, फोर्थ इंजिनिअर, इलेक्ट्रिकल ऑफिसर, फिटर, मोटरमन, ऑइलर अशी उतरंड असते. ४९९ टनांच्या यॉटवर इंजिनरूमचा माणूस एक, फार तर दोन. चीफ इंजिनिअरची पाटी आणि बिल्ज पुसायचं फडकं एकाच हातात. पाठीमागे विचारायला कुणी नाही, किनारा कधी ४० मैलांवर, आणि वर जेवणाच्या टेबलाशी १२ पाहुणे. हा १२ही कायद्याचाच आकडा आहे. तेरावा पाहुणा घेतला की यॉट प्रवासी जहाज ठरते आणि सगळी नियमावली बदलते.

इंजिनिअर म्हटलं की इंजिन डोळ्यांसमोर येतं, आणि नवशिक्याची पहिली फसगत इथेच होते. यॉटवरची मुख्य इंजिनं बहुधा एमटीयू, कॅटरपिलर किंवा मॅन कंपनीची, वेगाने फिरणारी डिझेल इंजिनं असतात. उदाहरणार्थ एमटीयूचं १६ सिलिंडरचं २००० मालिकेतलं एक इंजिन मिनिटाला २४५० फेरे घेतं आणि १९३९ किलोवॅट देतं. मालवाहू जहाजाचं दुमजली-तिमजली उंचीचं टू-स्ट्रोक इंजिन मिनिटाला शंभराच्या आसपास फेरे घेतं; त्याची एकेक झडप, एकेक पिस्टन जहाजावरचे लोक स्वतः उघडतात. यॉटच्या इंजिनाचं मोठं काम निघालं तर कंपनीचा तंत्रज्ञ लॅपटॉप घेऊन येतो. यॉटवरच्या इंजिनिअरने तेल, गाळण्या, पट्टे, पाणी आणि नोंदी सांभाळल्या तर ही इंजिनं सहसा त्रास देत नाहीत. शिवाय यॉट चालते किती? आठवड्यातले बरेच तास ती नांगरून उभी असते. त्या वेळी मुख्य इंजिनं थंड असतात आणि बाकी सगळं चालू असतं: जनरेटर, एअर कंडिशनिंग, गोड्या पाण्याचं यंत्र, फ्रीज, संडासाची व्हॅक्यूम यंत्रणा, धोबीखाना, बोटीचं डुलणं थोपवणारे पंख, टेंडर नावाची छोटी बोट उचलणारी क्रेन, आणि अठरा टीव्ही. माझ्या मते यॉट इंजिनिअरच्या प्रशिक्षणाचा गाभा हाच आहे: इंजिन हा त्यातला सोपा भाग.

हे प्रशिक्षण चालतं कसं, ते बघताना ब्रिटनकडे वळावं लागतं. यॉट बांधल्या जातात हॉलंड, जर्मनी, इटलीत; त्या उभ्या असतात फ्रान्स-स्पेनच्या किनाऱ्यावर; पण त्यांच्यातल्या अनेकींवर झेंडा असतो केमन आयलंड्स, बर्म्युडा किंवा आइल ऑफ मॅनचा. हे सगळे ब्रिटिश रेड एन्साइनच्या छत्राखालचे झेंडे. मोठ्या यॉटसाठी पहिली स्वतंत्र नियमावली ब्रिटनमध्येच निघाली आणि यॉटवरच्या अधिकाऱ्यांच्या परीक्षांची शिडी साउदॅम्प्टनच्या मेरीटाइम अँड कोस्टगार्ड एजन्सीने, म्हणजे एमसीएने, उभी केली. इतर देशांचीही प्रमाणपत्रं आहेत, पण क्रू एजन्सीच्या टेबलावर पहिला प्रश्न एमसीएचाच निघतो.

सुरुवात होते ती इंजिनापासून खूप लांब, पोहण्याच्या तलावात. एसटीसीडब्ल्यू हा १९७८चा आंतरराष्ट्रीय करार. २०१० साली मनिलात त्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या. त्यानुसार समुद्रावर नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला, मग तो आचारी असो की कप्तान, प्राथमिक सुरक्षा प्रशिक्षण घ्यावं लागतं. लाइफजॅकेट घालून उंचावरून पाण्यात उडी मारायची, उलटा पडलेला तराफा पाण्यातूनच सुलटा करायचा, धुराने भरलेल्या पोलादी खोलीत श्वसनयंत्र लावून रांगत जायचं आणि पुतळ्याला बाहेर ओढून आणायचं. प्रथमोपचार शिकायचे. पाण्यात जीव वाचवण्याचा आणि आगीचा भाग दर पाच वर्षांनी ताजा करावा लागतो. त्याच्या जोडीला ईएनजी-वन नावाची वैद्यकीय तपासणी असते, आणि ती एमसीएने नेमलेल्या डॉक्टरकडूनच व्हावी लागते. इथे काही जणांचं स्वप्न रंगांपाशी अडतं. इंजिनरूममध्ये समुद्राच्या पाण्याची नळी हिरवी, गोड्या पाण्याची निळी, इंधनाची तपकिरी, आग विझवायची लाल. तारांचं तेच. रंग न ओळखणारा माणूस तिथे स्वतःलाही धोका आणि इतरांनाही. म्हणून शहाणा माणूस कोर्सचे पैसे भरायच्या आधी डोळे तपासून घेतो.

मग पाच दिवसांचा, ३० तासांचा एईसी नावाचा कोर्स. चार स्ट्रोकचं चक्र, इंधनातलं पाणी, थंड करणारं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, बॅटऱ्या, साधे बिघाड. पाच दिवसांत कोणी इंजिनिअर होत नाही. डेकवर दोर ओढणाऱ्या पोराला इंजिनरूमच्या दाराशी उभं करण्यापुरता हा कोर्स. त्याच्या वर वर्षानुवर्षं 'वाय' नावाची शिडी होती. वाय-फोर म्हणजे २०० टन आणि १५०० किलोवॅटच्या आतल्या बोटी. वाय-थ्री ५०० टन आणि ३००० किलोवॅटच्या आत. वाय-टू ३००० टन आणि ३००० किलोवॅट. वाय-वन ३००० टन आणि ९००० किलोवॅट. पुढे एमसीएने ही शिडी बदलून 'स्मॉल व्हेसल' नावाची नवी व्यवस्था आणली. तिच्यात यॉट, टग, कामाच्या बोटी आणि मासेमारी जहाजं यांच्या इंजिनिअरना एकाच रांगेत बसवलं. मला ही गोष्ट फार योग्य वाटते. तीन आठवडे समुद्रात राहणाऱ्या मच्छीमार बोटीचा इंजिनिअर आणि चार कोटींचं झुंबर टांगलेल्या यॉटचा इंजिनिअर यांची मूळ अडचण एकच असते: सुटा भाग मिळणार नाही, मदत येणार नाही, आणि सकाळी बोट निघालीच पाहिजे.

वरच्या पायऱ्यांना वर्गातले तास आहेत, हातकामाची परीक्षा आहे, समुद्रावरचा अनुभव आहे आणि तो नोंदवायचं एक रेकॉर्ड बुकही आहे. व्हाइसमध्ये पट्टी धरून कानशीने घासून काटकोन काढणं, भोक पाडून आटे घालणं, नळी कापून जोडणं, वेल्डिंग, पंप पूर्ण सोडून पुन्हा बसवणं, हे परीक्षकासमोर करावं लागतं. आजकाल सगळं बदलूनच टाकायचं असतं, मग कानस कशाला, असं विद्यार्थी कुरकुरतात. नांगरलेल्या बोटीवर रात्री शाफ्टची चावी तुटली की कानस कशाला, हे आपोआप कळतं.

अनुभव मोजणंही सोपं नाही. यॉट बंदरातच जास्त राहते, म्हणून 'यॉटवर नोकरीत होतो' आणि 'यॉट प्रत्यक्ष समुद्रात चालत होती' हे दोन वेगळे हिशेब ठेवले जातात. दोन्ही भरल्याशिवाय पुढची परीक्षा नाही. कप्तानाची सही असलेला कागद, तारखा, इंजिनांचे किलोवॅट, सगळं जुळावं लागतं. अनेक वर्षं काम केलेली माणसं एका न घेतलेल्या सहीपायी अडकतात. कप्तान दुसऱ्या यॉटवर गेलेला असतो, मालकाने यॉट विकलेली असते. बोट सोडायच्या दिवशी पगाराआधी सही घ्यावी, हा या धंद्यातला पहिला शहाणपणा.

लेखी विषय पार झाले की शेवटी तोंडी परीक्षा असते, आणि सगळ्यांच्या पोटात गोळा येतो तो तिचाच. आपल्याकडे मर्चंट नेव्हीतली पोरं मुंबईच्या मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंटमध्ये, म्हणजे एमएमडीत, 'ओरल' द्यायला जाताना ज्या चेहऱ्याने जातात, तोच चेहरा इथेही. परीक्षक अनुभवी इंजिनिअर असतो आणि तो पुस्तकातली व्याख्या विचारत नाही. तो एक प्रसंग सांगतो आणि थांबतो. उदाहरणार्थ: तुमच्या क्रँककेसमध्ये तेलाचं धुकं असल्याचा अलार्म वाजला, काय कराल?

या प्रश्नामागे इतिहास आहे. इंजिनाच्या आत एखादा बेअरिंग तापला की त्यावर पडणाऱ्या तेलाची वाफ होते, ती थंड भागात जाऊन बारीक धुकं बनते, आणि तोच तापलेला भाग त्या धुक्याला पेटवू शकतो. ११ सप्टेंबर १९४७ रोजी 'रेना देल पासिफिको' या प्रवासी जहाजावर बेलफास्टजवळ चाचणी चालू असताना असाच स्फोट झाला आणि २८ माणसं गेली. क्रँककेसवर दाब सोडणारी दारं आणि धुकं ओळखणारी यंत्रं पुढे सर्रास बसवली गेली, ती अशाच अपघातांमुळे. परीक्षकाला हवं असतं ते उत्तर असं: भार कमी करीन, ब्रिजवर कळवीन, इंजिन बंद करीन, त्याच्या दारांपासून माणसं लांब काढीन, आणि ते पुरतं थंड होईपर्यंत दार उघडणार नाही. घाईने दार उघडून आत बघितलं तर आत हवा शिरते आणि तेच धुकं पुन्हा पेटू शकतं. 'आधी उघडून बघतो' असं म्हणणाऱ्या उमेदवाराला परीक्षक सहसा पुढचा प्रश्न विचारत नाही.

दुसरा आवडता प्रसंग आगीचा. इंजिनरूम पेटली, कार्बन डायऑक्साइड सोडायचा आहे. पंखे बंद केले? हवेची झाकणं लावली? इंधनाच्या टाक्यांच्या झडपा बाहेरून खेचल्या? हे सगळं उमेदवार सांगतो, आणि एक गोष्ट विसरतो: माणसं मोजली का? आगीचा श्वास कोंडणारा वायू आत राहिलेल्या माणसालाही सोडत नाही.

पण या सगळ्यापेक्षा वेगळा, आणि यॉटचा खरा विषय म्हणजे 'हॉटेल सर्व्हिसेस'. वाय-फोरच्या अभ्यासक्रमातही हा विषय होता. तरुण पोरांना तो कमीपणाचा वाटतो. इंजिनिअर व्हायला निघालो आणि शिकवताहेत काय, तर संडास! पण यॉटवरचा संडास हा साधा प्रकार नाही. नळ्यांत व्हॅक्यूम असतो, जेमतेम लिटरभर पाण्यात मैला ओढून टाकीत जातो. कुणी ओला वाइप किंवा कापूस टाकला की कुठेतरी झडप उघडी राहते, व्हॅक्यूम पडतो आणि एका खोलीतल्या चुकीने सगळ्या खोल्यांतले संडास बंद होतात. तेही बहुधा जेवणानंतर. इंजिनिअर हातमोजे चढवतो, नळीचे भाग करतो, प्रत्येक भाग वेगळा बंद करून कुठून हवा गळते ते शोधतो. पाहुण्यांना यातलं काही कळता कामा नये. वास तर मुळीच नाही.

वासाचं प्रकरण नुसत्या शिष्टाचाराचं नसतं. मैल्याच्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. थोडा असताना तो सडक्या अंड्यासारखा घाणतो. प्रमाण दशलक्षात शंभर भागांच्या आसपास गेलं की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे वायू गेला, असं समजून टाकीत वाकलेला माणूस तिथेच पडतो, आणि त्याला काढायला धावलेला दुसराही. म्हणून बंदिस्त जागेत शिरण्याचे नियम इथे घोकून घेतात: हवा खेळती करा, मीटरने मोजा, बाहेर माणूस उभा करा, लेखी परवानगी घ्या. आणि टाकी कुठे रिकामी करायची त्यालाही कायदा आहे. मार्पोल करारानुसार प्रक्रिया न केलेला मैला १२ सागरी मैलांच्या बाहेरच सोडता येतो. बारीक करून जंतुरहित केलेला ३ मैलांच्या बाहेर. बिल्जच्या पाण्यात तेल दशलक्षात १५ भागांहून जास्त असेल तर ते समुद्रात सोडताच येत नाही. नोंदवहीत खाडाखोड दिसली तर बंदराचा तपासनीस तीच वही उघडून बसतो.

पाण्याचा विषय याहून रंजक. पाहुणे दिवसातून तीनदा आंघोळ करतात, डेक रोज गोड्या पाण्याने धुतलं जातं, टेंडर धुतली जाते, चादरी रोज बदलतात. हे सगळं पाणी समुद्रातून काढलं जातं. खारं पाणी ५५ ते ६० बार दाबाने पातळ पडद्यांवर ढकललं की त्यातलं थोडं गोडं होऊन पलीकडे येतं. भूमध्य समुद्र महासागरापेक्षा जास्त खारा आहे, म्हणून तिथे तेच यंत्र कमी पाणी देतं. बंदरात ते चालवायचं नाही, कारण तिथल्या पाण्यावर तेलाचा तवंग असतो आणि तो पडदे खराब करतो. पडदे धुवायला क्लोरीनचं नळपाणी वापरलं तरी ते मरतात. हे सगळं पुस्तकात असतं. पण 'उद्या बंदरात शिरायचंय, म्हणजे आज रात्री टाक्या भरल्या पाहिजेत' हा हिशेब मनात सतत चालू ठेवायची सवय लागायला दोन उन्हाळे जातात.

आणि उन्हाळ्यात नांगरलेल्या यॉटवर मध्यरात्री जेलीफिश येतात. समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या गाळण्या त्यांनी चोंदतात, एअर कंडिशनिंगचा दाब वाढतो, कॉम्प्रेसर बंद पडतो आणि वीस मिनिटांत वरच्या मजल्यावरून फोन येतो. गाळणी उघडायची, लगदा काढायचा, बंद करायची, हवा सोडायची, पुन्हा चालू. तासाभराने पुन्हा तेच. याच वाटेने प्लास्टिकची पिशवीही शिरते आणि पंपाचा रबरी इंपेलर कोरडा फिरून त्याची पाती तुटतात. चांगला शिक्षक इथे एकच गोष्ट सांगतो: नवा इंपेलर बसवायच्या आधी जुन्याची पाती मोजा. सहा होती आणि चार सापडली, तर उरलेली दोन पुढच्या कूलरमध्ये जाऊन बसली आहेत. ती न काढणाऱ्याचं इंजिन पुढच्या आठवड्यात, नेमकं भर समुद्रात तापतं.

विजेकडे येताना इंजिनाच्या वेडाने आलेली पोरं नाक मुरडतात, आणि नंतर हाच विषय त्यांना पगार देतो. युरोपच्या धक्क्यावरची वीज ५० हर्ट्झची, अमेरिकेतली ६०ची. यॉट उन्हाळ्यात अँतीबला आणि हिवाळ्यात अँटिग्वा किंवा फोर्ट लॉडरडेलला. ५० हर्ट्झसाठी केलेली मोटर ६०वर विशांश नव्हे, चक्क पाचव्या हिश्शाने जास्त वेगाने धावते. म्हणून धक्क्याची वीज आधी कन्व्हर्टरमधून घेतात. शेजारच्या बोटीतून पाण्यात गळणारा विद्युतप्रवाह आपल्या बोटीचं प्रॉपेलर खाऊ शकतो. त्यासाठी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि बळी जाण्यासाठीच लावलेले जस्ताचे तुकडे. ते तुकडे फार लवकर झिजले तर नवे लावून मोकळं व्हायचं नाही. का झिजले ते शोधायचं.

लिथियम बॅटऱ्यांनी यात नवी भीती आणली आहे. विजेवर चालणाऱ्या सर्फबोर्ड, पाण्याखालच्या स्कूटर, सायकली, सगळं टेंडरच्या गॅरेजमध्ये चार्जिंगला लावलेलं असतं. २०१८ साली क्रोएशियाच्या किनाऱ्याजवळ 'कांगा' ही यॉट जळून गेली, तेव्हा तपासात बोट दाखवलं गेलं ते गॅरेजमधल्या अशाच बॅटऱ्यांकडे. पाहुण्यांची खेळणी कुठे, कोणाच्या देखत आणि किती वेळ चार्ज होतील, हे आता इंजिनिअरच्या कामात आलं आहे.

जबाबदारी इंजिनरूमच्या दारापाशी संपत नाही, हे १९ ऑगस्ट २०२४ला सिसिलीच्या पोर्तिचेल्लोजवळ दिसलं. ५६ मीटरची शिडाची यॉट 'बेझियन' पहाटेच्या वादळात बुडाली. २२ जणांपैकी ७ गेले. इटालियन सरकारी वकिलांनी ज्या तिघांची चौकशी सुरू केली त्यांत कप्तानाबरोबर इंजिनिअरही होता. चौकशी म्हणजे दोष नव्हे. पण कुठलं दार, कुठलं झाकण, कुठली झडप केव्हा उघडी होती, हा प्रश्न शेवटी ज्याच्या वहीत उत्तर असायला हवं त्यालाच विचारला जातो.

पुस्तकात न मावणारं शिक्षण होतं ते हिवाळ्यात. पाल्मा, ला सिओता, बार्सिलोना, व्हियारेज्जो इथल्या यार्डांत यॉट पाण्याबाहेर काढल्या जातात. उन्हाळ्यात इंजिनिअर फक्त बंद पडलेलं चालू करतो. बोट उघडी पडलेली बघायला मिळते ती इथेच. शाफ्ट ओढून काढतात, झडपा सोडून तपासतात, टाक्यांत उतरतात, कंत्राटदारांची बिलं आणि त्यांची कामं ताडून पाहतात. मोठ्या चार्टर सीझनमागे धावणाऱ्या नवशिक्यांना मी सांगेन, बक्षिसीचा मोह सोडून एक आख्खा यार्ड पिरियड करा. त्या काळात झोपही मिळते. एरवी नियम आहे दर २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांतीचा. पाहुणे बोटीवर असताना एकट्या इंजिनिअरच्या तक्त्यात हे तास कसे बसतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी मोठ्याने बोलत नाही.

पहिली नोकरी मिळवायची जुनी रीत म्हणजे एप्रिलमध्ये अँतीबला किंवा पाल्माला जायचं, क्रू हाउसमध्ये खाट घ्यायची आणि सकाळी बायोडेटा हातात धरून धक्क्यावर एकेका यॉटच्या शिडीपाशी विचारत फिरायचं. याला 'डॉकवॉकिंग' म्हणतात. अँतीबच्या पोर्त व्होबाँमध्ये ब्रिटिश, न्यूझीलंडर, दक्षिण आफ्रिकी पोरांची अशी जत्राच भरते. आधी दिवसाच्या रोजावर रंग खरवडायला घेतात, माणूस बरा निघाला तर ठेवून घेतात.

भारतीय पासपोर्टवर ही रीत फार महाग पडते. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि नोकरी शोधायला येतो म्हणून सांगितलं तर व्हिसा मिळणं कठीण. म्हणून मराठी मुलाला माझा सल्ला धक्क्यावरून सुरुवात करू नको असाच राहील. आपल्याकडचा रस्ता लांब आहे पण पक्का आहे. मुंबईची पूर्वीची मरीन इंजिनिअरिंग अँड रिसर्च इन्स्टिट्यूट, जी आता इंडियन मेरीटाइम युनिव्हर्सिटीचा भाग आहे, तळेगावजवळ इंदुरीची तोलाणी इन्स्टिट्यूट, किंवा मेकॅनिकलच्या पदवीनंतरचा मरीनचा कोर्स. मग डायरेक्टोरेट जनरल ऑफ शिपिंगची एमईओ क्लास फोरची परीक्षा आणि मालवाहू जहाजांवर काही वर्षं. भारतीय प्रमाणपत्र एमसीए मान्य करते आणि त्यावर समकक्षतेचं प्रमाणपत्र देते. हे अमर्याद प्रमाणपत्र यॉटवर फार मोलाचं, कारण ३००० टनांच्या पुढच्या अवाढव्य यॉटना वायचे किंवा स्मॉल व्हेसलचे कागद पुरत नाहीत; त्यांना मर्चंट नेव्हीचाच इंजिनिअर लागतो.

रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या किंवा मुंबईतल्या ससून डॉकच्या बोटींवर आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखणारे हात आहेत, ते या सगळ्यात बसत नाहीत, ही मला खटकणारी गोष्ट आहे. त्यांच्याकडे कौशल्य आहे, कागद नाही. आणि इथे कागदाशिवाय शिडीला हातही लावता येत नाही. अशा घरांतल्या मुलांना गाठून 'युरोपात यॉटवर लावून देतो' म्हणत दोन-तीन लाख मागणारे एजंटही फिरत असतात. २००६च्या मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शननुसार नोकरी लावण्याबद्दल खलाशाकडून शुल्क घेता येत नाही, आणि भारतानेही हा करार स्वीकारलेला आहे. पैसे मागणाऱ्याकडे आरपीएसएल या खलाशी-भरतीच्या परवान्याचा क्रमांक मागावा. बहुतेकदा संभाषण तिथेच संपतं.

मर्चंट नेव्हीतून यॉटवर गेलेल्यांना पहिल्या हंगामात अवघड जातं ते वेगळंच. बॉयलर सूटऐवजी इस्त्रीचा पांढरा शर्ट, इंजिनरूमच्या फरशीवर बुटांऐवजी स्वच्छ चपला, आणि मालकाच्या आठ वर्षांच्या मुलीचा व्हिडिओ गेम चालत नाही म्हणून चीफ इंजिनिअरला हाक. वीस हजार किलोवॅटचं इंजिन सांभाळलेला माणूस याने दुखावतो. ज्यांना ते हसून करता येतं ते टिकतात.

पुढचा बदलही इंजिनाकडून हॉटेलकडेच चालला आहे. हॉलंडमध्ये फेडशिपने बांधलेली 'ब्रेकथ्रू' ही जवळपास ११९ मीटरची यॉट २०२४ साली पाण्यात उतरली. तिच्या पोटात उणे २५३ अंशांवर साठवलेला द्रवरूप हायड्रोजन आणि फ्युएल सेल आहेत. ते समुद्र पार करण्यासाठी नाहीत. मुख्यतः नांगरून उभी असताना दिवे, एअर कंडिशनिंग आणि स्वयंपाकघर चालवण्यासाठी आहेत, म्हणजे हॉटेलसाठी. अशा कमी तापमानाला पेट घेणाऱ्या इंधनांची नियमावली १ जानेवारी २०१७ला अमलात आली आणि एसटीसीडब्ल्यूमध्ये तिच्यासाठी वेगळा कोर्स जोडला गेला. यॉटवर जाऊ पाहणाऱ्या इंजिनिअरच्या फाइलमध्ये आता तोही कागद मागायला सुरुवात झाली आहे.